आवक क्रमांक नसलेली हरकत

९ जानेवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. आधी गुडघ्याचं सांग, बाकीचं मग.

काल तुला सात वेळा फोन लावला. मोजून सात. सातही वेळा ती यंत्रातली बाई म्हणाली, "या मार्गावरच्या सर्व लाइन व्यस्त आहेत." इतक्या गोड आवाजात म्हणते की रागावताही येत नाही. ही म्हणाली, "रोज तिच्याशीच तर बोलता, आता बहीण कशाला हवी?" शेवटी कागद घेतला. टेलिफोन संस्थेच्या सचिवानं बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे न्हाव्यानंच दाढी वाढवून हिंडायचं! पण काय करणार, तुझ्या घरचा फोन मोठ्या कंपनीचा आणि माझा आमच्या संस्थेचा. मधल्या दारात चेंगराचेंगरी.

तू टेलिफोनचे नियम ठरवणाऱ्या आयोगातच बसतेस, तुला नवं काय सांगू, पण बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आमच्याकडून कंपनीच्या जाळ्यात जायला जोडमार्ग आहेत बारा. एका वेळी बारा माणसं बोलणार, तेरावा लटकणार. आणि आमचे फोन सहाशे चाळीस! नव्वद जोडमार्ग हवेत म्हणून दोन वर्षं मागतोय. उत्तर ठरलेलं, "विचाराधीन आहे." इकडे शिवणकेंद्रातल्या मावशी शाळांच्या गणवेशाची ऑर्डर मिळवायला सकाळपासून बोटं झिजवतात. लेथवाला म्हणतो, माझा फोन लागला नाही की गिऱ्हाईक पलीकडच्या गावात जातं. जाणारच की.

तर तुमच्या नव्या नियमांच्या मसुद्यावर आम्ही रीतसर हरकत घेतलीय. मागणी एकच. लहान संस्थेनं मागितल्यापासून तीस दिवसांत मोठ्यानं जोडमार्ग द्यावेत, नाहीतर दंड भरावा. मसुद्यात तुम्ही 'परस्पर सामंजस्याने' असं लिहिलंय. मांजर-उंदराचं कसलं गं सामंजस्य?

हरकत आजच टपालात टाकली, आयोगाच्या पत्त्यावर, तुझं नाव कुठेही न घालता. खाली सही माझी, आडनाव दिसेल, त्याला इलाज नाही. तू मध्ये पडू नकोस. बहिणीच्या वशिल्यानं नियम बदलला असं कुणी म्हणायला नको. रजिस्टर्ड करणार होतो, पण खिडकीवर ही भली मोठी रांग, आणि मी एका माणसाला खांबावर चढवून आलेलो. साधंच टाकलं. शेवटच्या तारखेला अजून अकरा दिवस आहेत, पोचेल.

आणि आता हस. कार्बन उलटा लावला. आमच्याकडे प्रत शून्य, आणि मूळ कागदाच्या पाठीवर सगळी हरकत उलट्या अक्षरांत! आयोगाला आरसा घेऊन बसावं लागणार.

तुझा,
धांदल्या

२ फेब्रुवारी

चि. धांदल्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघा बरा आहे, जिना चढताना हरकत घेतो, पण त्याची नोंद कुणी करत नाही.

तुला एक सांगते. हरकतींबद्दल मी तुला काही लिहिणार नाही, आणि आदेश निघेपर्यंत तूही मला लिहू नकोस. ज्या प्रकरणात नात्यातलं माणूस असेल त्यातून अधिकाऱ्यानं बाजूला व्हायचं, असा आमच्याकडे कडक नियम आहे.

काम फार आहे. चार वर्षं या मसुद्यावर बसले आहे. अण्णांनी पंचवीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गावभर तारा ओढल्या, आणि आपल्या घरी फोन यायला नऊ वर्षं लागली, आठवतं ना? यादीत नंबर लावायचा आणि वाट बघत म्हातारं व्हायचं. ती यादीच संपवायची आहे मला. अजून लाखो माणसं तिच्यात अडकली आहेत. एवढं झालं की मी सुटले.

प्रत नाही म्हणालास. खरंच काही नाही? कच्चा कागदसुद्धा?

मुलीचा खोकला थांबला का? औषध पूर्ण दे, मध्येच सोडू नकोस, तुझी ती खोड आहे.

तुझी,
ताई

२८ मार्च

ती. ताई,

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! पेपरात तुझा फोटो आला. अध्यक्षांच्या मागे उभी आहेस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जशी मला गणित शिकवताना असायचीस. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानदारांनी, स्वतः खळ लावून तो ऑफिसच्या भिंतीवर चिकटवला. प्रतीक्षायादी बंद, दर निम्मे, दोन दिवसांत फोन! सगळे मला म्हणतात, बहीण असावी तर अशी. मी जणू काही तुला घडवलं अशा थाटात मान डोलावतो.

आता दुसरं. आदेशाची प्रत आली. मी आधी जोडमार्गांचं पान उघडलं. तिथे तेच, 'परस्पर सामंजस्याने.' खाली लिहिलंय, 'याबाबत कोणत्याही लहान संस्थेकडून हरकत प्राप्त झाली नाही.' मी शेवटची यादी तीनदा वाचली. ज्यांच्या हरकती आल्या त्यांची नावं, क्रमवार. दोनशे अठरा नावं आहेत. त्यात एक पतंग उडवणाऱ्यांचं मंडळसुद्धा आहे, तारा उंच बांधा म्हणून. आम्ही नाही.

म्हणजे पाकीट पोचलंच नाही. माझ्याच हातांनी घोळ झाला, ताई. दहा मिनिटं रांगेत उभा राहिलो असतो तर आज हातात पावती असती. कार्बन नीट लावला असता तर निदान प्रत असती. तेलही गेलं, तूपही गेलं. काल समितीत सगळ्यांना सांगितलं. कुणी ओरडलं नाही. दुकानदार एवढंच म्हणाले, "एक पाकीट होतं हो." मला जमीन दुभंगावी असं झालं.

तू बारनिशीत, त्या आवक-जावकाच्या वहीत, एकदा बघशील का? आदेश निघालाय, आता विचारायला हरकत नसावी. चुकून कुठे दडलं असेल तर.

तुझा,
धांदल्या

६ एप्रिल

चि. धांदल्यास आशीर्वाद.

बारनिशी पाहिली. तुमच्या संस्थेच्या नावाची नोंद नाही.

टपालाचं काय सांगावं, रोज काही ना काही गहाळ होतं. तू रजिस्टर्ड करायला हवं होतंस. लहानपणापासून सांगत आले आहे, घाई करू नकोस.

आदेशापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, फेरविचार मागता येतो. पण ज्यांच्या हरकतीला आवक क्रमांक पडलाय त्यांनाच. त्यामुळे तो रस्ता तुम्हाला नाही. कंपनीशी बोलत राहा. काही तरी निघेल.

फोटो काढून टाक भिंतीवरचा. खळीनं भिंत खराब होते.

ताई

२० जून

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले, उत्तर द्यायचं राहिलं. लिहायला बसलो की मनात येई, काय तोंडानं लिहू?

कंपनीनं आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, काचेचं दुकान उघडलं. आत पंखा, दोन खुर्च्या, हसरी मुलगी. दोन दिवसांत फोन, निम्म्या दरात. अगदी तुमच्या आदेशात लिहिलंय तसं. आणि लोक जाणारच, त्यांचा फोन लागतो ना! लेथवाला पहिल्या आठवड्यात गेला. जाताना माझा हात धरून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका." शिवणकेंद्रवाल्या मावशींनी महिनाभर कळ काढली. एक गणवेशाची मोठी ऑर्डर हुकली, मग त्याही गेल्या. मी स्वतः त्यांच्याकडचा आमचा फोन काढून आणला. सहाशे चाळीसचे तीनशे नव्वद राहिलेत. अकरा माणसांतली चार कमी करावी लागली, त्यातल्या एकाला मीच लग्नाआधी नोकरी लावली होती.

गंमत बघ, आपल्या गल्लीतल्या विधवा काकूंना बारा वर्षांनी फोन मिळाला, कंपनीचा. त्यांनी मला बोलावून दाखवला. तुला आशीर्वाद दिलेत. ते पोचवतो.

मी सचिवपद सोडलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं. सर्वसाधारण सभेत उभा राहिलो आणि सांगितलं, हरकत पाठवायचं काम माझं होतं, ते मी धांदलीत केलं, संस्थेचं नुकसान माझ्यामुळे झालं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "नाव सार्थ केलं." सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो.

आता परत तारा ओढतो. खांबावर बरं वाटतं. ही माझ्याशी नीट बोलत नाही, म्हणते सगळा दोष अंगावर घ्यायची काय गरज होती? आता दोष माझाच, तर दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकू?

तुझा,
धांदल्या

३ जुलै

चि. धांदल्यास,

इथे प्रशिक्षण केंद्रात एक जागा निघते आहे. लाइनमन लोकांना शिकवायचं काम आहे. राहायला खोली देतात. मी शब्द टाकू शकते. मुलीला इथली शाळा चांगली मिळेल. विचार कर आणि लगेच कळव.

सचिवपद सोडायला नको होतंस. सगळ्या गोष्टी माणसाच्या हातात नसतात. तू स्वतःला इतका त्रास करून घेऊ नकोस, मला तो बघवत नाही.

काकूंचे आशीर्वाद मला पाठवू नकोस.

ताई

१९ जुलै

ती. ताई,

नोकरीबद्दल तुझे उपकार. पण नको. मी संस्था बुडवून शहरात पगारावर जाऊन बसलो तर लोक काय म्हणतील ते सोड, मलाच माझा चेहरा बघवणार नाही. जे उरलंय ते सांभाळतो.

आणि तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस. तुझ्यापर्यंत कागदच आला नाही, तर तू काय करणार?

तुझा,
धांदल्या

११ ऑगस्ट

चि. धांदल्या,

तुझं शेवटचं वाक्य मी तीन आठवडे वाचते आहे. आज लिहिते. हे पत्र एकट्यानं वाच.

तुझी हरकत पोचली होती. १४ जानेवारीला, मुदतीच्या सहा दिवस आधी.

त्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी तळमजल्यावर आवक विभागात गेले. कारकून चहाला गेला होता. टेबलावरच्या ट्रेमध्ये शिक्का न मारलेली पाकिटं होती आणि सगळ्यात वर तुझं अक्षर. ते मी लांबून ओळखते. मी पाकीट उचललं आणि फायलीत सरकवलं. कुणी पाहिलं नाही. विचार मी नंतर केला, पाकीट आधी उचललं.

ते बारनिशीत चढलं असतं तर खाली तुझी सही, माझं आडनाव. मला प्रकरणातून बाजूला व्हावं लागलं असतं. मग सगळं काम आमच्या सहसचिवांकडे गेलं असतं. ते मऊ गृहस्थ आहेत. कंपनीचे लोक त्यांच्याकडे येऊन बसतात, आणि उठतात तेव्हा एक एक कलम बरोबर घेऊन जातात. चार वर्षांचं काम त्यांच्या हातात जाईल, यादी तशीच राहील, अशी भीती वाटली. मी स्वतःला समजावलं, तुझी मागणी रास्त आहे, ती मीच मसुद्यात घालीन, मग कागदाची गरजच काय?

आणि घातलीही. तीस दिवस आणि दंड, तुझ्याच शब्दांत. उलट्या अक्षरांची ती पाठ समोर ठेवून लिहिलं, हसूही आलं होतं.

२५ फेब्रुवारीला आयोगाची बैठक झाली. कंपनीचा या कलमाला कडाडून विरोध होता. अध्यक्ष तसे सरळ माणूस आहेत. त्यांनी मला विचारलं, "ही मागणी कुणाची? एका तरी लहान संस्थेनं लेखी केलीय का?" सगळे माझ्याकडे बघत होते. पाकीट दोन मजले खाली माझ्या खणात होतं. होय म्हटलं असतं तर ते एवढे दिवस तिथे का होतं हे सांगावं लागलं असतं. मी 'नाही' म्हणाले. ते म्हणाले, "मग ज्यांना गरज आहे त्यांनाच नकोय, आपण कशाला घालायचं?" ते कलम मी माझ्या पेनानं खोडलं. 'हरकत प्राप्त झाली नाही' हे वाक्यही माझंच आहे.

मग तुझं पत्र आलं, चूक आपल्या अंगावर घेतलेलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी तुला काय लिहिलं? तू रजिस्टर्ड करायला हवं होतंस. हे लिहिताना हात थांबला होता. थांबला, तेवढंच.

खरं सांगायचं तर मार्चनंतर जी भीती होती ती कामाची नव्हतीच. काम झालं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, तीस वर्षांच्या नोकरीत एक ठपका नाही, लोक सल्ला विचारायला येतात. ते सगळं जाईल ही भीती होती. सुधारणा खोटी नाही रे. काकूंसारख्या कितीतरी जणांना फोन मिळाले, लहान लहान धंदे उभे राहताहेत, मला रोज पत्रं येतात. पण प्रत्येक पत्र वाचताना मी त्या चांगल्याच्या आड लपते आहे हे मला कळतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं.

पाकीट माझ्याजवळ आहे. वर टपालाचा शिक्का आहे, तारीख स्पष्ट आहे. ते अध्यक्षांना दिलं आणि सगळं कबूल केलं तर तुमची हरकत मुदतीत आली असं धरलं जाईल आणि १५ सप्टेंबरच्या आत तुम्हाला फेरविचार मागता येईल. माझी चौकशी होईल. नोकरी जाईल, निवृत्तिवेतनाचंही सांगता येत नाही. अध्यक्षांच्या नावे चिठ्ठी लिहून ठेवली आहे, अजून दिली नाही. तू सांगशील तसं करीन.

ताई

२२ ऑगस्ट

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि मला दिलं. एकट्यानं वाच असं तुम्ही लिहिलं होतं, पण आमच्या घरात एकट्यानं काही होत नाही. उत्तर ते लिहीत नाहीत. चार दिवस कागद पुढे घेऊन बसले आणि उठले. म्हणून मी लिहिते. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, लागलं तर लागू दे.

मला वाटलं होतं ते चिडतील, पत्र घेऊन समितीत जातील आणि म्हणतील, बघा, चूक माझी नव्हती. गेले नाहीत. पत्र कपाटात ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "ताईचं नाव गावात नको." म्हणजे अजूनही त्यांनाच लोक हसणार, आणि तुमचा फोटो भिंतीवर! हो, तो तसाच आहे. ह्यांनी काढू दिला नाही.

वन्सं, पाच महिने मी या माणसाला बोलले. एक पाकीट नीट पाठवता येत नाही म्हणाले. मुलीसमोर म्हणाले. ते मुकाट ऐकून घ्यायचे. त्या बोलण्याचं मी आता काय करू? ते तुमच्यामुळे मी बोलले.

आणि वर तुम्ही लिहिता, तू सांगशील तसं करीन. वा! पाकीट उचलताना विचारलं होतंत का? खोडताना विचारलंत? आता तेवढं विचारता, म्हणजे तुमची नोकरी गेली तरी ती ह्यांच्या सांगण्यावरून गेली, आणि राहिली तर ह्यांनी मोठं मन केलं म्हणून राहिली. दोन्हीकडून ओझं ह्यांच्याच डोक्यावर. तुम्ही इतक्या शिकलेल्या, हे तुम्हाला दिसत नाही?

१० सप्टेंबरला रविवारी संस्थेची खास सभा आहे. विषय एकच, संस्था कंपनीला विकायची की नाही. फोन दोनशे दहा राहिलेत. बहुतेक विकायचीच म्हणतील, कारण फेरविचाराचा रस्ता आपल्याला नाही असं सगळ्यांना वाटतं. तेही तुमच्याच पत्रावरून ह्यांनी सांगितलेलं.

संस्था राहील न राहील, मला ठाऊक नाही. पण ज्या खोलीत माझ्या नवऱ्यानं उभं राहून न केलेली चूक कबूल केली, त्याच खोलीत तुम्ही येऊन उभं राहायचं. पत्रानं नाही, स्वतः.

तुमची,
भावजय

२९ ऑगस्ट

चि. धांदल्यास, आणि तुझ्या बायकोस,

पत्र मिळालं त्याच दिवशी दुपारी पाकीट आणि चिठ्ठी अध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, पाठीवरची अक्षरं पाहिली. मग म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी होय म्हणाला असतात तर मी ते कलम ठेवलं असतं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

हरकतीला काल आवक क्रमांक पडला, मुदतीत आली असा शेरा मारून. दोनशे एकोणीस. तुम्ही फेरविचाराचा अर्ज १५ तारखेच्या आत करा. मी करून देणार नाही, माझा हात आता त्याला लागायला नको. सुनावणी लागेल, निकाल काय होईल सांगता येत नाही. कंपनी मोठे वकील आणेल. तोवर जोडमार्ग बाराच राहतील, अंतरिम आदेश द्यायला अध्यक्ष तयार नाहीत. याहून जास्त मला काही मिळवता आलं नाही.

मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. सहसचिव माझ्या खुर्चीत आले. कुणाकुणाला फार आनंद झाला, कुणी डोळे चुकवतं. जे व्हायचं ते होवो.

तुझ्या बायकोनं लिहिलं ते सगळं खरं आहे. तिला सांग, लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी नऊ तारखेला निघते, दहाला सकाळी पोचेन. सभेत आधी मला बोलू द्या, ठराव नंतर मांडा. मी उभी राहून सगळं सांगेन, पाकिटाचंही आणि तुला जे लिहिलं त्याचंही, एक शब्द न गाळता. तुझ्या गावासमोर तुझी माफी मागेन.

ताई

३ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. सभा अकराला आहे, संस्थेच्या ऑफिसात. खुर्च्या कमी आहेत, लोक दारापर्यंत उभे राहतात. तुझी बस साडेनऊला येते, मी थांब्यावर असेन. फेरविचाराचा अर्ज लेथवाल्याच्या पोरीनं टाईप केलाय, ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल दुकानदार घरी आले होते. मी अजून काही सांगितलं नाही, पण अर्जाचं कळलं तसे म्हणाले, "विकायचं थोडं थांबू या मग."

पाकिटाचं सभेत सांग. का उचललंस, बैठकीत काय विचारलं, काय म्हणालीस, सगळं सांग. लोक बोलतील. शिवणकेंद्रातल्या मावशी तर सोडणार नाहीत. ऐकून घे. मी मध्ये पडणार नाही.

पण 'तू रजिस्टर्ड करायला हवं होतंस' हे सभेत सांगू नकोस. ते संस्थेला लिहिलेलं नव्हतं, मला लिहिलेलं होतं. पाकीट का ठेवलंस ते मला थोडं तरी समजतं. यादीचं तुला काय वाटतं ते मला माहीत आहे, मीही त्याच घरात वाढलो. पण ते वाक्य मला समजत नाही. पाच महिने मी खांबावर, जेवताना, मुलीला शाळेत सोडताना स्वतःला गाढव म्हणत होतो, आणि तुला माहीत होतं की मी गाढव नाही. तू वाचत होतीस. उत्तरं देत होतीस.

त्यावर आपण दोघं बोलू, सभेनंतर, घरी. आणि आल्या आल्या माफी मागू नकोस. तू मागितलीस की मी लगेच 'असू दे गं' म्हणीन, मला सवय आहे. या वेळी मला तसं म्हणायचं नाही.

तुझा भाऊ